घरटी एक माणूस

आमच्या गावाच्या बातम्या दिवेलागणीला देवळावरून यायच्या, आणि त्या येऊन गेल्याशिवाय गावात कुणी जेवायला बसत नसे. देवळाच्या शेजारच्या पिंपळाला भोंगा बांधलेला होता. त्याचं मशीन आत गाभाऱ्यालगतच्या खोलीत, एका जुन्या चादरीखाली. चादर काढायची, बटण दाबायचं आणि ते तापेपर्यंत वाट बघायची. आधी घूं असा आवाज यायचा, मग माइकवर कुणीतरी फुंकर मारायचं, आणि घराघरांत भाकऱ्या थापणारे हात थांबायचे. मी आज करंजाड्याला चौथ्या मजल्यावर राहते. इथे दिवसभर फोनवर सोसायटीचे निरोप येतात, पाणी, लिफ्ट, कुणाची गाडी कुणाच्या जागेत. पण त्या निरोपांसाठी कुणाचा हात थांबत नाही. आमच्याकडे अख्खं गाव एकाच वेळी गप्प व्हायचं. त्या शांततेत शेवटी नुसती कुत्री आणि खाडीवरचा वारा एवढंच ऐकू यायचं, आणि अशा गप्प झालेल्या गावाशी आपण बोलायचं, ही गोष्ट किती मोठी होती हे तेव्हा मला कळलं नाही.

बातम्या म्हणाल तर साध्याच. टाकीला उद्या पाणी सकाळीच सोडणार. बालवाडीत पोरांना डोस आहे. अमक्याची पाठ पांढरी असलेली शेळी कालपासून दिसत नाही. उद्या देवळाची रंगोटी, ज्याला जमेल त्यानं यावं. आणि अधूनमधून सगळ्यात महत्त्वाची: बांधावर काम आहे, घरटी एक माणूस. आमची भातशेती खाडीला लागून. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध, आणि त्यात पावसाचं पाणी बाहेर सोडायला एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. बांध कुणा एकाचा नव्हता. खेकड्यांनी बीळ केलं, माती खचली, कुठे पाणी झिरपायला लागलं की भोंग्यावर सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला प्रत्येक घरातून एक माणूस फावडं किंवा घमेलं घेऊन हजर. मजुरी नाही, हजेरी नाही. ज्या घरात पुरुषमाणूस नाही तिथली बाई यायची. न आलेल्या घराला कुणी काही बोलायचं नाही, पण मी लहान असताना तरी न आलेलं घर पाहिलेलं नाही.

आधी बातम्या सांगायचे धर्मादादा. आवाज दणकट, पण अडचण अशी की बटण दाबल्यावर भोंगा बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर खायचा. दादा अडखळत बोलत, प्रत्येक शब्दागणिक बटण सोडत आणि दाबत. त्यामुळे आमच्या बोलीतला ‘हाय’ आणि ‘नाय’ गावाच्या वरच्या आळीला अगदी सारखाच ऐकू जायचा. एकदा त्यांनी सांगितलं, “आज नामदेवाच्या घरी हलद हाय.” वरच्या आळीनं ऐकलं, नाय. आगऱ्याची हळद, मटणाचे टोप उतरवून ठेवलेले, बँजोवाले येऊन बसलेले, आणि अर्धं गाव घरी सुकट-भाकरी खाऊन झोपलेलं. नामदेव दुसऱ्या दिवशी देवळात येऊन दादांना म्हणाला, “दादा, तुमच्या तोंडान माजी हलद गेली. आता मटान तुमीच खावा, शिला.” तेव्हा देवळाच्या मंडळानं ठरवलं की ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणणारं माणूस पाहिजे. पनवेलला कॉलेजात जाणारी आमच्या आळीत मी एकटी. असा माइक माझ्याकडे आला. कारण एवढंच होतं. मी मात्र समजले की मी हुशार आहे म्हणून आला.

आता घरातलं सांगते. आई चुलीशी, आबा ओटीवर बिडी ओढत, आणि संध्याकाळी चहाच्या वेळेला बातम्या घेऊन येणारी माणसं एकामागून एक. तांदळाच्या भाकरीचा वास, खेकड्याच्या कालवणाचा वास, आणि त्यात लोकांचं सांगणं. ते सगळं मी ऐकायचे आणि मनातल्या मनात शुद्ध करायचे. ‘शेली’ची शेळी, ‘पानी’चं पाणी. माझ्या ‘न’चा ‘ण’ झाला की मला उंच झाल्यासारखं वाटायचं. येणाऱ्यांत रोज न चुकता यायची ती पदीकाकी, आबांच्या मयत झालेल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नाही, उघाडीलगत भाताचा एक तुकडा, आणि पहाटे खाडीत निवट्या-खेकडे धरून ते पनवेलच्या बाजारात विकायचे, हा तिचा संसार. काकीची बातमी कधी लहान नसायची. कुणाची कोंबडी कुणाच्या माळ्यावर अंडी घालते, आंब्याला या वर्षी पालवी उलटी आली, वाडीवरच्या कातकऱ्याची सून बाळंत झाली आणि पोर बापासारखंच कान हलवते. “हे पन सांग गो शैले. लोकांना बरा वाटल.” मी सांगायचे, सुरुवातीला. मग क्रिकेटची पोरं देवळाच्या पायरीवर बसून हसायला लागली. “आज पदीकाकीची कोंबरी काय बोलते?” मीही हसले. इथून ते सुरू झालं. मी तिच्या बातम्या गाळू लागले आणि तिला सांगायचे, वेळ संपला काकी.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दुपारी काकी घाईघाईत आली. उरणकडे माहेरी निघाली होती. भाऊ बापाचं पान वाढणार, तिला रात्री तिकडेच राहायचं होतं. पायाला चिखल तसाच, काखेत पिशवी. उंबऱ्याच्या आतही आली नाही. “शैले, उघारीच्या बाजूला बांद झिरपते. पानी गढूल येते, निवलसंग नाय. आज सांग. उद्याला उधान मोठा हाय.” मी बरं म्हटलं. “इसरू नको गो बाय, मना गारी गाठाची हाय,” म्हणत ती गेलीसुद्धा. आईनं आतून विचारलं, “काय बोलत होती?” मी म्हटलं, “नेहमीचंच.”

त्या संध्याकाळी आमच्या पोरांनी शेजारच्या गावाशी मॅच जिंकली होती. कप देवळात आणून ठेवला होता, पायरीवर ही गर्दी. मी माइक घेतला तर कुणीतरी ओरडलं, “कोंबरीची बातमी पहिली!” सगळे हसले. मी कपाची बातमी सांगितली, मॅच कशी फिरली ते छान वाक्यात सांगितलं, उद्या टाकीला पाणी उशिरा येईल ते सांगितलं. बांधाचं मला आठवत होतं. ते विसरले असते तर मी आज एवढं लिहिलं नसतं. मला आठवत होतं आणि मी बटण सोडलं. झिरपतं तर रोजच कुठे ना कुठे, परवा सांगू, असं मनात म्हटलं. खरं कारण ते हसणं. चादर मशीनवर टाकली आणि घरी येऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी घरोघरी पितरांचा स्वयंपाक. आई पहाटेपासून वडे तळत होती. तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, अळू, चवळीची उसळ. आबा धोतर नेसून कावळ्यासाठी पान घेऊन परसात उभे. अमावास्येची भरती दुपारी चढते. ऊन कडक होतं, भात पोटरीला आलेलं, आणि वारा एकाएकी खाडीकडून फिरल्याचं आईच्या लक्षात आलं, कारण चुलीचा धूर घरात यायला लागला. तेवढ्यात क्रिकेटचा कप्तान राजन सायकल टाकून धावत आला, छातीपर्यंत चिखलात माखलेला. “काका, खांड परली! उघारीच्या बाजूला!” बांध फुटून पडलेलं खिंडार म्हणजे आमच्याकडे खांड. पाणी आत आलं की भात तर जातंच, पण मीठ जमिनीत उतरतं आणि पुढची काही वर्षं तिथे गवतही नीट येत नाही. आबांनी पान तिथेच जमिनीवर ठेवलं. “शैले, भोंगा,” एवढंच म्हणाले आणि राजनबरोबर धावत सुटले.

मी देवळाकडे कशी गेले ते आठवत नाही. मशीन तापेपर्यंतचा घूं आवाज मात्र अजून कानात आहे. मला ‘उघाडीच्या बाजूला’ एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. मग मी बटण दाबलं आणि माझ्या तोंडून जे आलं ते माझं मलाच अनोळखी होतं. “खांड परली हाय! उघारीला खांड परली हाय! या गो, सगली या! आमचा आबा थय एकटा हाय!” बटण दाबत होते, सोडत होते, दाबत होते. कॉलेजचा ‘ण’ कुठे गेला कुणास ठाऊक. माइक खाली ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मी ‘हाय’ म्हणाले. वरच्या आळीनं ‘नाय’ ऐकलं असेल. ज्या एका चुकीसाठी मला इथे बसवलं होतं तीच मी केली होती. मी पुन्हा बटण दाबलं तर भोंगा कुईं करून बंद पडला. मी बाहेर आले, पायरीवर उभी राहिले, आणि वरच्या आळीचा रस्ता पाहिला.

रस्ता माणसांनी भरलेला होता. मी आजवर देवाच्या पालखीला पाहिली नाहीत एवढी माणसं. घरटी एक नव्हे, घरटी जेवढी होती तेवढी. म्हातारे, नव्या नवऱ्या, ओल्या बाळंतिणी सोडून सगळ्या बाया. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात पेंढा, कुणी खताच्या रिकाम्या गोणी बगलेत मारलेल्या. एका म्हातारीच्या हातात झारा तसाच, तेल गळत असलेला. धर्मादादा तर पितरांसाठी नेसलेल्या कोऱ्या धोतरातच धावत होते. कुणीतरी त्यांना विचारलं, “दादा, पान वारला का?” तर म्हणाले, “पितरांना सांगितला, जरा दम धरा, तुमचाच बांद हाय, तुमी पन चला.” लोक धावता धावता हसले. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं की माझं ‘हाय’ तुम्हाला ‘नाय’ ऐकू आलं नाही का. म्हणाले, “आला ना. खांड परली नाय, असाच आयकला आमी. पन तू कवा अशी बोलतंस? तू आपल्या बोलीत बोल्लीस म्हंजे काय तरी इपरीत झाला. शबूद कोनाला पायजे, आमी आवाजावरशी उठलो.”

मीही त्यांच्या मागे बांधावर गेले. खाडी बांधाच्या वर डोकावत होती. खांड दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढी, आणि तिच्यातून पाणी पडत नव्हतं, चालत येत होतं, तपकिरी, जड, फेस घेऊन. आबा आणि राजन आणि आणखी काही जण त्या पाण्याकडे पाठ करून, एकमेकांच्या दंडात दंड अडकवून खांडीत उभे राहिले होते. पाणी त्यांच्या खांद्यावरून येत होतं. आम्ही पोचलो तसे आणखी पुरुष आत उतरले, त्यांच्या मागे आणखी. माणसांचीच एक भिंत झाली. तिच्या आतल्या अंगाला बायका हातोहात चिखल, गोणी, पेंढा पोचवायला लागल्या. वाडीवरचे कातकरी, ज्यांची तिथे हातभरही जमीन नव्हती, ते बांबू तोडून घेऊन आले आणि न विचारता रोवायला लागले. कोळ्यांनी एक होडी आडवी आणून लावली. कुणी हुकूम देत नव्हतं. नुसतं “हां, घे, हां, घे” चाललं होतं, आणि त्या तालावर चिखल पुढे जात होता. शेजारच्या गावातले, आदल्या दिवशी आमच्याशी हरलेले पोरगेही आले होते. मी ओळीत उभी राहिले. या सगळ्यांना मी काल एका वाक्यात, सकाळच्या ओहोटीला, कोरड्या पायांनी इथे आणू शकले असते.

तेवढ्यात काकी आली. उरणच्या गाडीतून उतरून, गाव रिकामं बघून सरळ इकडे. हातात माहेरच्या वड्यांची पिशवी. तिचा तुकडा खांडीच्या अगदी खाली होता, तो आता दिसतच नव्हता. वर भाताची टोकं तेवढी हलत होती. ती क्षणभर बघत राहिली. मग पिशवी बांधावर ठेवली, कासोटा वर खोचला आणि ओळीत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन-चार घमेली तिच्या हातून माझ्या हातात आली. मग, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं.

“सांगितला व्हतास ना गो काल?”

“हो,” मी म्हटलं.

“मंग?”

“कुणी आलं नाही.”

बस, एवढंच. तिनं पुढचं घमेलं माझ्या हातात दिलं. तेही हळूच, माझ्या पायावर पडू नये असं.

भरती उतरायला लागली तेव्हा खांड बुजली होती. पुरुष वर आले ते थरथरत, ओठ पांढरे पडलेले. मग गावातून टोप आले. पितरांचं जेवण बांधावरच वाढलं, चिखलाच्या हातांनी खाल्लं. वडे, खीर, सगळ्या घरांचं सगळ्यांत मिसळून. कावळे तिथे आले आणि धर्मादादा म्हणाले, “बगा, सांगितला व्हता ना, पितर हिथंच येतील.” माझं कौतुक चाललं होतं. पोरीनं गाव हलवलं, असं जो तो म्हणत होता, आईच्या डोळ्यांत पाणी. काकी जरा लांब बसली होती. तिनं वड्यांची पिशवी सगळ्यांत फिरवली, स्वतः काही खाल्लं नाही.

तिच्या तुकड्यात पुढे काही पिकलं नाही. वरची शेतं वाचली, तिचं नाही. मग ती दुसऱ्यांच्या वीटभट्टीवर जायला लागली, नंतर नव्या इमारतींच्या कामांवर. आबांनी तिला घरात येऊन राहायला सांगितलं, ती आली नाही. त्या बातमीचं तिनं गावात कुणाला कधी विचारलं नाही, आणि बातमी घेऊन ती पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. एकदा आईनंच तिला विचारलं तर हसून म्हणाली, “माज्या बातमीला कोन येते वैनी?” मी तिथेच भाकरी खात होते. तो घास मी गिळला. बांधावर काम निघालं की मात्र ती दर वेळी हजर असे, सगळ्यांच्या आधी. ज्या गावानं आपला शब्द टाकला असं ती धरून चालली होती, त्याच गावासाठी ती घमेलं उचलत होती. मी माइक त्याच वर्षी सोडला. लोकांना वाटलं, अभ्यासासाठी. पुढे नोकरी, लग्न, करंजाडे. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आता त्या जमिनी नाहीत, बांध रस्त्याच्या भरावाखाली कुठेतरी आहे. गावात अजून राहतात त्यांचा फोनवर ग्रुप आहे, त्यात मीही आहे. मागे एका रविवारी गावतळं साफ करायचं ठरलं. निरोप मीच लिहून दिला. मी गेले तर पोरं सारख्या टी-शर्टात, फोटो निघतायत, आणि त्यांच्यामध्ये कमरेत वाकलेली पदीकाकी जलपर्णी ओढतेय. कुणी म्हणालं, “काकी, तुमी बसा.” म्हणाली, “बसून काय, तलाव तुमच्या बापाचा एकट्याचा हाय?” काम झाल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. ओटीवर बसून ती करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलायला लागली. मीही बसले, आणि सांगितलं. काही न सजवता. मी बातमी सांगितलीच नव्हती काकी. मला आठवत होतं. पोरं हसतील म्हणून नाही सांगितली. आणि तुला खोटं बोलले.

तिचे हात थांबले नाहीत. पुष्कळ करंदी सोलून झाली.

“म्हंजे कोनी आयकलाच नवता,” ती म्हणाली.

“नाही.”

“आयकला असता तं आले असते?”

“आले असते काकी. सगळे आले असते.”

आता ती थांबली. समोरच्या गल्लीकडे बघत राहिली. तिथे धर्मादादांचा नातू गाडी धूत होता, पलीकडे नामदेवाच्या घरी कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. काकीचा चेहरा मी आयुष्यभर पाहिला होता, पण त्या वेळी तो ओळखू येईना. राग असेल म्हणून मी तयार होते. तो राग नव्हता. ती त्या घरांकडे अशी बघत होती, जशी मी त्या दिवशी पायरीवरून वरच्या आळीच्या रस्त्याकडे बघत होते.

“मी त्यांना माफ केलता गो,” ती म्हणाली. “एकेकाला. धर्माला, नामदेवाला, राजन्याला. लय जड गेला मना. वर्सानुवर्सं लागली. आन त्यांनी काय केलाच नवता.” ती हसली की काय ते कळलं नाही. “माज्याकरचा सगला त्यांच्यावरच खर्च झाला बग. आता तुज्यासाठी नवीन कुठशी आनू?”

मी उठायला लागले.

“बस,” ती म्हणाली. “मना वेल लागंल.”

मी बसले.